राखीव डिस्क

आत्याने डिस्कवरची चिठ्ठी उजेडाकडे धरली, फोनने तिचा फोटो काढला आणि मगच डिस्क सर्व्हरच्या शेवटच्या खणात सरकवली. फोटो काढल्याशिवाय ती एकही डिस्क बसवत नसे. उद्या एखादी बिघडली तर आठांतली नेमकी कुठली बाहेर ओढायची, हे चिठ्ठीवरच्या नंबरावरूनच कळतं. खणाचं दार बंद झालं, आतून घरघर सुरू झाली आणि पुढचा हिरवा दिवा लागला.

हा सर्व्हर तिने एकेक भाग आणून घरीच जोडला होता. तिच्या स्वतःच्या आणि भावांच्या घरच्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात येऊन पडत, म्हणून सगळे त्याला आत्याचं कपाट म्हणत. मुलांचं ऐकून दोघे भाऊही तिला आता आत्याच म्हणायला लागले होते. आज बसवलेली डिस्क राखीव होती. ती चालू राहणार, इतरांबरोबर फिरत राहणार, पण तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. दुसरी कुठली तरी गेली, तरच तिची पाळी. कपाट गळ्यापर्यंत भरलं होतं, खरी गरज जागेची होती. पण आत्याचा स्वभाव असा, की आधी राखीव, मग बाकीचं.

हात पुसून ती स्क्रीनसमोर बसली. कोणाच्या फोनमधून काय येतंय ते तिथे ओळीने दिसे. एरवी दुपारचा शुकशुकाट असायचा. आज सहा ओळी पळत होत्या. थोरला भाऊ, त्याची बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको, भाची, भाचा. सगळे एकदम. एक फोटो येऊन पडतो न पडतो तोच दुसरा.

तिने नावांपुढचे आकडे पाहिले. सगळ्यांपुढे एकच आकडा होता, म्हणजे सहाही फोन एकाच घरच्या इंटरनेटवर होते. तो आकडा तिला पाठ होता. थोरल्याच्या घरी इंटरनेट तिनेच लावून दिलं होतं.

आज थोरल्याला साठ वर्षं पूर्ण झाली. सकाळी तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, "छे गं, या वयात कसला वाढदिवस. काही करत नाहीये. जेवून ताणून देणार." तिने ते खरं मानलं होतं. त्याच्यासाठी घेतलेला स्वेटर कागदात बांधून दाराजवळ ठेवला होता. संध्याकाळी नेऊन द्यायचा, म्हणून.

एक क्लिक केलं असतं तर सगळे फोटो समोर आले असते. कोण कोणाच्या शेजारी बसलंय, कोण हसतंय, केक कोण भरवतंय. पण कपाट सुरू केलं त्या दिवशी तिने सगळ्यांना सांगितलं होतं, कोणाचं काही उघडून बघणार नाही. शब्द म्हणजे शब्द. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तिला फार एकटं वाटलं. रागही आला, पण तो काढायचा कोणावर ते ठरेना.

मागच्या खेपेला ती थोरल्याकडे गेली, तेव्हा बसल्या बसल्या तिने सगळ्यांचे फोन मागून घेतले होते. कोणाचे फोटो कपाटात येत नाहीत ते एकेक तपासलं होतं. तोवर जेवणं गार झाली. धाकटा म्हणाला होता, "आपल्याकडे आत्या नाही, इन्स्पेक्टर येते." सगळे हसले होते. तीही हसली होती.

सहाही ओळी थांबल्या. लाल अक्षरं आली: जागा शिल्लक नाही.

फोन वाजला. थोरल्याची मुलगी होती.

"आत्या, फोटो जात नाहीयेत गं. जागा संपली म्हणतंय."

मागे भांड्यांचा आवाज, हसणं, खुर्च्या सरकवणं. मग कोणीतरी श्श केलं आणि सगळं एकदम चिडीचूप झालं.

"संपलीच आहे," आत्या म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नवी डिस्क येईल."

"आजच्यापुरतं काही नाही का करता येणार?"

"आज काय आहे?"

भाची जरा अडखळली. "काही नाही. माझा फोन भरलाय, म्हणून."

"तुझ्या एकटीचाच?"

"हो. माझाच."

"बरं. बघते."

तिने फोन ठेवला. काही न करणं सगळ्यात सोपं होतं. जागा नव्हती हे तर खरंच होतं, तिला कोणी बोल लावला नसता. शेवटी तिने खुर्ची पुढे ओढली. मघाशी बसवलेली डिस्क राखीवमधून काढली आणि सगळ्यांसाठी मोकळी करून दिली. राखीव डिस्क राहणार नाही, चालेल का, असं सर्व्हरने दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा हो म्हटलं.

लाल अक्षरं गेली आणि ओळी पुन्हा पळू लागल्या. आत्या हनुवटीला हात लावून बघत राहिली.

तिचा स्वतःचा फोन शेजारीच पडला होता. मघाशी काढलेला चिठ्ठीचा फोटो सहा जणांच्या गर्दीत मागे पडून जागेअभावी त्यातच अडकून बसला होता. आता तोही निघाला. सहा नावांच्या खाली सातवं नाव आलं. आत्या, फोटो एक.