मेक्सिकोचा डबा

ढोबळ्या मिरच्या गॅसवर काळ्याठिक्कर होईस्तोवर धरल्या होत्या. सोलताना मनकर्णाबाईंची बोटं पोळली, पण मिरची एकही फाटली नाही. मोबाईलवरची बाईसुद्धा तसंच करत होती.

शेजारच्या आक्काबाई साखर मागायच्या निमित्तानं आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. लासूर स्टेशनात बातमीचा माल आधी त्यांच्याकडे उतरतो, मग गावात जातो. हा काय नवा पसारा, असं त्यांनी विचारलं.

मनकर्णाबाईंनी हात न थांबवता सांगितलं. मेक्सिकोत आज स्वातंत्र्याचा सण. तिथं घरोघर या भरल्या मिरच्या होतात. हिरव्या मिरचीवर अक्रोडाची पांढरी चटणी, तिच्यावर डाळिंबाचे लाल दाणे, की झाला त्यांचा झेंडा. आत फळं घालून खिमा भरतात, पण पितृपाटात खिमा घरात कसा आणायचा, म्हणून सोयाबीनच्या वड्या कुस्करल्या होत्या.

त्यांचा लेक कृष्णा कंपनीतर्फे मेक्सिकोला निघाला तेव्हा स्टेशन रोडला त्याचा फ्लेक्स लागला होता. हार पडले, पेढे वाटले गेले. आक्काबाईंनी त्यातले चार पदरात बांधून नेले होते. त्याला दोन वर्षं झाली. फोन रोज यायचा, पण नुसता आवाज. चित्र तिकडून नीट येत नाही म्हणे. भर दुपारी विचारलं तर म्हणायचा, आत्ताच जेवलो. काय जेवलास म्हटलं की विषय बदलायचा. सुट्टी पुढच्या सणाला, पुढच्या सणाला करत दोन दिवाळ्या निघून गेल्या. बाई एकटीपुरता भात टाकायच्या आणि तोही उरायचा. लेकानं एकदा समोर बसून जेवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

“पन हे खानार कोन?” आक्काबाईंनी विचारलं.

“कृष्णा.”

आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. “इमानानं धाडता व्हय?”

“वाळूजला त्याची कंपनी हाय ना. तिकडं घेऊन जाते.”

“आवं, कंपनी काय पोस्ट हाय का? समुद्र वलांडूस्तोवर आंबंल की समदं.”

“नाय आंबायचं.”

म्हातारीचं लेकापायी डोकं फिरलं, ही बातमी आळीत पोचली तेव्हा मनकर्णाबाई बसमध्ये होत्या, मांडीवर डबा घट्ट धरून.

वाळूजच्या बजाजनगरला त्या उतरल्या. कुणाला काही विचारलं नाही. कंपन्यांच्या रस्त्याकडे तर वळल्याच नाहीत. किराणा दुकानामागचा जिना त्यांच्या ओळखीचा होता. मागं एकदा इथवर येऊन त्या खालूनच परत गेल्या होत्या. आज चढल्या आणि दार वाजवलं.

दार कृष्णानं उघडलं. अंगात बनियन, हात पिठानं भरलेले.

मनकर्णाबाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

“लई लांब हाय रं तुझं मेक्सिको,” त्या म्हणाल्या. “दोन बस बदलाव्या लागल्या.”