हिरव्यावरचा काटा

मुहूर्त साडेदहाचा होता, म्हणून चंद्रावरच्या वसाहतीतल्या नव्या सभागृहाची दारं साडेदहालाच उघडली. त्यात भरायची हवा अजून तयार झाली नव्हती, पण तेवढ्यासाठी मुहूर्त कोण चुकवणार? नारळ फुटला आणि जुन्या वस्तीतली हवा भसकन रिकाम्या सभागृहात शिरली.

वस्तीत सगळ्यांच्या कानांत दडे बसले. कुमुदच्या सासऱ्यांना धाप लागली. भिंतीवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यातून लालकडे घसरला, तशी तिने देखभाल खात्याच्या खांबेट्यांना बोलावलं.

खांबेट्यांनी येऊन आधी हीटर पूर्ण वाढवला. "काटा लालवर जाऊन धोक्याचा भोंगा वाजला तर समारंभाचा विचका होईल, वहिनी. हवा तापली की दाब वाढतो."

"अहो, एवढी हवा तिकडे गेली. उरलेली तापवून ती परत येणार आहे का?"

"तुम्ही काटा बघा."

काटा खरंच चढत गेला. खोलीची भट्टी झाली. सासऱ्यांनी बंडी ओढून काढली आणि तोंड उघडं टाकून ते हवा शोधत राहिले. कुमुद पुठ्ठ्याने वारा घालत होती, तोही गरमच.

स्पीकरवरून अध्यक्षांचा आवाज आला, "आजपासून प्रत्येकाला मोकळा श्वास घेता येईल!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

कुमुदचा हात थांबला. तिने सासऱ्यांच्या नाकाशी बोट धरलं, मग खांबेट्यांकडे पाहिलं.

खांबेट्यांनी घाम पुसला, काट्यावरच्या काचेवर टिचकी मारली.

"दाब बरोबर आहे हो," ते पुटपुटले.

काटा हिरव्यावर होता.