त्याची मर्जी

बौद्धिक दिव्यांग असलेला एमरिस वेल्समधल्या स्वान्झी शहरात छोट्या फ्लॅटमध्ये मदतनिसांच्या आधाराने राहत होता, खिडकीतल्या सीगल पक्ष्याशी गप्पा मारत. त्याच्यासारख्या पाच जणांना एकाच घरात हलवलं, तर रात्री एकच मदतनीस पुरणार होता. म्हणून हा खर्च उचलणाऱ्या कौन्सिलच्या प्रोबर्टबाई त्याची मर्जी विचारायला आल्या.

“एमरिस, तुला इथे राहायचंय की नव्या घरात?”

“नव्या घरात,” तो हसून म्हणाला.

“बघा, त्याचा स्वतःचा निर्णय!” प्रोबर्टबाई म्हणाल्या.

“कसला निर्णय?” त्याची बहीण डेलिथ उसळली. “अहो, तो कायम शेवटचं ऐकलेलंच म्हणतो. लहानपणी ‘केक हवा की उकडलेला कोबी’ विचारलं, की कोबी मागायचा आणि रडत रडत खायचा! थांबा, दाखवतेच. एमरिस, राजा, नव्या घरात जायचंय की इथेच राहायचंय?”

“इथेच राहायचंय.”

“पटलं आता?” डेलिथ म्हणाली.

प्रोबर्टबाईंनी मान डोलावली.



“पटलं. त्याला निर्णय घेताच येत नाही. म्हणजे आता तो आम्हीच घ्यायचा.”