पुरातले पावणे

लालासाब आयुष्यभर सायकलीवरच फिरले. यंदा पुन्हा पंचगंगेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं, तसे जुने दोस्त हंबीरराव मोठी गाडी घेऊन धावले. लालासाब आणि त्यांची बायको मदिना, दोघांना त्यांनी उंचावरच्या आपल्या बंगल्यात आणलं.

जेवताना एसी सुरू होता. टीव्हीवर कुणी तज्ज्ञ सांगत होते, धुरानं हवा तापलीय, म्हणून पाऊस असा कोसळतोय.

हंबीरराव हळहळले, "लालासाब, तू कधी गाडी उडवली न्हाईस, एसी लावला न्हाईस. आणि बुडतंय तुझंच घर! आता काय करायचं गड्या?"

मदिना भाकरी मोडत हसली.

"करायचं काय अण्णा? तुमचा धूर पाणी होऊन आमच्यात आला, म्हणून आम्ही तुमच्यात आलो. आता गाळ निघंपर्यंत हलत न्हाय बघा!"