जांभई

पडद्यावरची आई जांभई द्यायला तोंड उघडायची आणि किंचाळल्यासारखी दिसायची. शलाकाच्या कॉलेजच्या शॉर्टफिल्ममध्ये एवढा एकच इफेक्ट होता आणि तोच जमत नव्हता. आईचं काम करणारी मुलगी झोप घालवणारी लस आल्यानंतर जन्मलेली. तिने आयुष्यात कधी जांभई दिली नव्हती, आणि शलाकानेही नाही.

तिसरी पाळी संपवून आत्या घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. पुढच्या पाळीला अजून थोडा वेळ होता.

“आत्या, तुला आठवत असेल. काय चुकतंय गं?”

“तोंडाचं राहू दे. आधी डोळे बारीक कर. खांदे जरा वर जाऊ देत. शेवटी डोळ्यांत पाणी आण.”

“रडते का ती?”

“नाही गं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.”

शलाकाने कॉम्प्युटरवर आईचा चेहरा तसा करून दृश्य पुन्हा लावलं. आईचं तोंड सावकाश उघडलं. आत्याचा हात आपोआप वर गेला आणि तिने तोंडासमोर चुटकी वाजवली.

“आली?” शलाका ताडकन उठली.

आत्या तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिली. मग तिने ते मिटलं.

“नाही. हाताला वाटलं, आली.”