तीन दिवसांचं सामान

रुखमा शेजारच्या सुशीलाबाईकडून परत आली ती पदराने तोंड कोरडं करूनच. तिचा बाप पहाटे गेला होता. भावाचा, कैलाशचा, फोन तिच्या मोबाईलवर काही केल्या लागेना, म्हणून त्याने सुशीलाबाईला लावला. "सायंकाळी सहाले माती हाय, बाई. बाबाचं तोंड पाहाचं असन तं टायमावर ये." रुखमा कशीबशी एवढंच बोलली, "येतो. पन दामिनीले कोनी सांगू नोका. तिले जाऊ द्या."

घरात तिच्या पोरीने, दामिनीने, खाटेवर सारा पसारा मांडला होता. तीन दिवसांचा संगीत महोत्सव, तोही कुठे तर डोंगरात, तलावाच्या काठी, तंबूत राहून. आयोजकांनी मोबाईलवर सामानाची यादी पाठवली होती आणि आठ दिवस त्या यादीने घराला हसवलं होतं. झोपायची पिशवी म्हणे! माणूस का धान आहे, पिशवीत भरून ठेवायला? शेवटी रुखमाने दोन जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली. टॉर्च आणली, टोपी आणली, डासांचं मलम आणलं. आज मात्र तिला त्यातलं काही धड दिसत नव्हतं. ती नुसत्या घड्या घालत होती.

पोर पंधरा मिनिटं गाणार होती. मोठ्या मंचावर नव्हे, बाजूच्या छोट्या. पण गाणार होती खडी गंमतीतलं, डफ-ढोलकीवर उभ्याने गातात ते, आबाजीकडून शब्दन् शब्द घेतलेलं. आबाजी, म्हणजे रुखमाचा बाप, चाळीस वर्षं गावोगाव उभा राहून गायला. त्याला जिल्ह्याबाहेर कोणी कधी बोलावलं नाही. आता पोरीला सांगितलं तर ती हातातलं टाकून आबाजीच्या गावी, लाखांदूरला धावणार, आणि असं बोलावणं काय दरसाल दारात येतं? रुखमाने काळजावर दगड ठेवला. नागपूरची बस दोनला, ती पोरीची. लाखांदूरची अडीचला, ती आपली. तोवर डोळ्यातून टिपूस काढायचं नाही. मग रडायला सारा रस्ता पडलाच होता.

"आई, काय करून राह्यली तू? साबन गोधडीत गुंडाळलं ना!"

"असू दे. तिथं सापडन."

"तुह्यं ध्यान कुठं हाय?"

"तुह्याकडंच हाय वो माय."

दीड वाजला. बाहेर वैशाखाचं ऊन असं की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही. बॅग टम्म फुगली होती. दामिनीने तिच्यावर गुडघा रोवून चेन ओढली. आज तीही गप्प गप्पच होती. पहिल्यांदा एवढ्या लांब चालली आहे, छातीत धडधडत असेल, असं रुखमा धरून चालली होती.

"चाल, देवाच्या पाया पड अन् निंघ," ती म्हणाली आणि स्वतः मागेच उभी राहिली. बापाची बातमी कानावर पडल्यापासून तिला सुतक होतं, देवाला हात लावायचा नव्हता.

दामिनी देवघरापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. हात जोडले नाहीत, आत वाकली नाही.

"राहू दे आई. उशीर होऊन राह्यला."

साध्या चाचणीला जातानाही देवापुढून न हलणारी पोर ही! आजा गेला की नातीलाही तीन दिवस सुतक, आणि ते लागतं बातमी ऐकली की, हे तिनेच तर पोरीला शिकवलं होतं.

"दामिनी, देवाले काहून नाई शिवून राह्यली? खरं सांग."

दामिनी बॅगेचा पट्टा पिळत राहिली. मग एकदम बोलली, "आबाजी गेले, आई."

"कवा समजलं तुले?"

"आठ वाजता. मामाच्या गुंजनचा मेसेज आला." ती पुढे म्हणाली, "तुहा मोबाईल मीच बंद करून ठेवला. तुले समजलं असतं तं तू मले जाऊ देलं नसतं. नागपूरले उतरल्यावर फोन करनार होती मी. खरंच करनार होती."

नागपूर यायला पाच वाजतात. पाचला कळलं असतं तर इथून लाखांदूर गाठेपर्यंत सरण विझत आलं असतं. साडेआठला, सुशीलाबाईकडे फोन यायच्या आधी, रुखमा पुऱ्या तळत होती, तेव्हा तिने हसत विचारलं होतं, "आबाजीसाठी तिकडून काय आनशीन वो?" आणि पोर डब्यात पुऱ्या भरता भरता म्हणाली होती, "शाल आनीन." जराही अडखळली नव्हती.

'मलेबी माहीत होतं,' हे रुखमाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. सांगून तरी काय? आपण लपवलं ते पोरीसाठी, आणि पोरीने लपवलं तेही पोरीसाठीच. म्हाताऱ्यासाठी मात्र या घरात सकाळपासून कोणी रडलंच नव्हतं.

ती दाराच्या उंबरठ्यातच बसली आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू फुटलं. "माहा बाप गेला वो! माहा बाप गेला!"

दामिनीला वाटलं, आईला आत्ताच कळलं आहे. ती जवळ येऊन टेकली, पाठीवरून हात फिरवू लागली. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोटं कशाला बोला. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "बस दोनची हाय."

रुखमाने उंबरठ्यावरचे पाय आखडून घेतले, पोरीला वाट दिली.