आहेस का?

"हेमांगीताई, पोरं पेंगतायत हो. हवा बघा ना जरा." चंद्रवस्तीच्या पाळणाघरातून रुखसानाचा हा तिसरा फोन होता.

नियंत्रण कक्षात बसलेल्या हेमांगीने पुन्हा समोरच्या दिव्यांच्या फलकाकडे पाहिलं. वस्तीतल्या प्रत्येक कामाचा प्रोग्राम संगणकातल्या आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद कप्प्यात चालायचा, आणि पाळणाघराच्या हवेच्या कंटेनरपुढे हिरवा दिवा होता.

"इथं तर सगळं ठीक दिसतंय गं," ती म्हणाली खरी, पण तिचं मन मानेना. सलग दुसऱ्या ड्यूटीने आंबलेलं अंग कसंबसं खुर्चीतून उचलून ती स्वतःच तिकडे निघाली.

हवा गाळणारा पंखा केव्हाचा बंद पडला होता. पोरं सतरंजीवर मलूल पडली होती. तिने पंखा हाताने सुरू केला आणि पोरं चुळबुळायला लागेपर्यंत तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

मग तिने त्या कंटेनरची तपासणी उघडली. फलक त्याला सारखं एकच विचारत होता, "आहेस का?" आणि तो मेला इमानदारीत सांगत होता, "आहे." हवा गाळतोयस का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तिने तो प्रश्न घातला, तसा दिवा लाल झाला.

परतताना तिच्या मनगटावरची पट्टी थरथरली. ड्यूटी संपली की अशी पट्टी प्रत्येकाला जे विचारायची तेच पट्टीने तिलाही विचारलं, "ठीक?"

सवयीने हेमांगीचा अंगठा "हो"वर पडला.

फलकावर तिच्या नावापुढे हिरवा दिवा लागला, आणि तिसरी ड्यूटीही तिलाच लागली.